चाळीस मिनिटांचा लॉट

जळगावच्या उन्हाबद्दल लोक काय वाटेल ते सांगतात. मे महिन्यात कोंबडी उकडलेलंच अंडं घालते म्हणे. हे साफ खोटं आहे. मे महिन्यात जळगावची कोंबडी अंडं घालण्याच्या भानगडीतच पडत नाही. पण मुरलीआप्पा फेगड्यांच्या नाकाबद्दल जे सांगतात, त्यात चिमूटभरही भेसळ नाही.

आप्पांनी उभा जन्म चटईच्या कारखान्यांत एक्स्ट्रूडर चालवण्यात काढला. एक्स्ट्रूडर म्हणजे चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ. वरून प्लास्टिकचे दाणे ओतायचे, आत तापलेल्या लोखंडी नळीत स्क्रू फिरतो, दाणे वितळतात आणि पुढच्या तोंडातून लगदा बाहेर येतो. तो लगदा किती तापलाय हे बाकीचे लोक मीटरवर बघायचे, आप्पा वासावर सांगायचे. एकदा ते एकशे ब्याऐंशी म्हणाले आणि मीटर एकशे ऐंशी दाखवत होता. मालकाने मीटर बदलला.

असा माणूस साठीला घरी बसून नातवंडं खेळवतो. आप्पा मात्र एकसष्टाव्या वर्षी नव्या कारखान्यात रुजू झाले, ते नातीसाठीच. मुलगा आखातात वेल्डिंग करायचा, सून वैशाली पहाटे सहाच्या पाळीला चटईच्या कारखान्यात जायची, आणि नात नक्षत्रा, घरातली नखी, नवव्या वर्षापासून वाकत चालली होती. पाठीचा कणा पाण्यातल्या सापासारखा आधी डावीकडे, मग उजवीकडे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "वाढीच्या वयात सरळ झाला तर झाला. पंधरानंतर विसरा." नखी आता बारा वर्षांची होती.

नवा कारखाना होता सरल पॉलिमर. तिथे 'पाठराखण' नावाचं जाकीट बनायचं. बाजारात त्याची किंमत ऐकून आप्पांना पहिल्यांदा ठसका लागला होता. पण कारखान्याचा नियम असा, की कामगाराच्या घरातल्या एका मुलाला एक जाकीट मोफत. एकच. दुसरं मागायचं नाही.

जाकिटाची विद्या डॉ. अनुराधा झोपे यांची. मॅडम वयाने चाळिशीच्या आत, बोलायला रोखठोक आणि डोळ्यांत डोळे घालून न बोलणाऱ्या. त्या नेहमी समोरच्याच्या पाठीकडे बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी कामगारांसमोर शेवयांची थाळी ठेवली होती.

"प्लास्टिक म्हणजे हे," त्या म्हणाल्या. "एवढेएवढेसे रेणू हातात हात धरतात. दोन, चार, हजार, लाख. त्यांची लांबच लांब साखळी होते. अशा कोट्यवधी साखळ्या एकमेकींत गुंतल्या की ही थाळी. गरम आहेत तोवर वळवळतात, एकमेकींवरून घसरतात. हाच तुमचा लगदा. गार झाल्या की जिथल्या तिथे थिजतात. आता मी यात गाठी मारल्या तर?"

"तर शेवया खाता येणार नाहीत," मागून सुभान तडवी म्हणाला. हा आप्पांचा दोस्त. दोघांची ओळख दवाखान्याच्या रांगेतली, कारण सुभानच्या हमिदाची पाठही तशीच होती. या कारखान्याची बातमी आप्पांना त्यानेच आणून दिली होती.

"बरोबर," मॅडम न हसता म्हणाल्या. "खाता येणार नाहीत, घसरताही येणार नाहीत. आपल्या दाण्यांत एक पावडर आहे. एकशे पंचाण्णव अंशांवर ती जागी होते आणि साखळीला साखळी बांधते. त्या क्षणी तो तुकडा ज्या आकारात असेल, तो त्याचा जन्माचा आकार. आपण तो सरळ पाठीच्या साच्यावर देतो. मग पासष्ट अंशांना मऊ करून मुलाच्या वाकड्या पाठीवर बसवतो आणि गार पाणी ओततो. तो झाला उसना आकार. जाकीट तो गुमान धरून बसतं, पण गाठी जन्माचा आकार विसरत नाहीत. अंगाच्या उबेने रोज थोड्या साखळ्या जाग्या होतात आणि घराकडे निघतात. त्यांच्याबरोबर पाठही निघते. दोन वर्षांत सरळ."

"आणि गाठी कमी पडल्या तर?" आप्पांनी विचारलं.

"तर त्याला घरच आठवणार नाही. ते जाकीट नाही, नुसता डबा." मॅडमनी पहिल्यांदाच आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "म्हणून नळीवरच्या हीटरच्या चौथ्या पट्ट्याचं तापमान एकशे पंचाण्णवच्या खाली गेलं की तो माल भंगारात. आणि ज्याच्या हातून गेलं, तो घरी."

आप्पांच्या हातून ते गेलं जानेवारीत.

खानदेशात थंडी पडली की माणसांना भरीत सुचतं. एरवी ते कपाशीच्या वाळल्या पळकाट्यांच्या जाळावर, शेताच्या बांधावर. पण कारखान्यात धुराची घंटा बसवलेली; बिडी पेटवली तरी छतातून पाऊस पडायचा. रविवारची पाळी, मॅडम हैदराबादला परिषदेत. कोणीतरी बामणोदची अकरा वांगी आणली, एकेक अर्ध्या किलोचं, हिरवं, तकतकीत. सुभान घरून कळण्याच्या भाकरी आणायला गेला. आणि आप्पांना साक्षात्कार झाला, की अख्ख्या एमआयडीसीत इतका एकसारखा तवा दुसरा नाही.

त्यांनी चौथ्या पट्ट्यावरचं झाकण काढलं, हीटरचा पट्टा सैल करून बाजूला सारला आणि वांगी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्रीत गुंडाळून तापल्या नळीवर ओळीने निजवली. साडेपाच किलो ओली वांगी. त्यांनी नळीतली उष्णता अशी ओढून घेतली, जशी लग्नातली मंडळी मठ्ठा ओढतात. मशीन ओरडलं. आप्पांनी त्याला मॅन्युअलवर टाकून गप्प केलं. "नाक आहे ना माझं," ते म्हणाले.

नाक होतं. पण भाजल्या वांग्याचा वास नाकात भरला की माणूस लगद्याचा वास घेईल कशाला? भरीत कुटून झालं, हिरवी मिरची पडली, कांद्याची पात पडली, सुभानने दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि "आप्पा, असं भरीत बापजन्मात झालं नाही" म्हणाला. ढेकर देऊन आप्पा मशीनकडे वळले तेव्हा मीटर एकशे अडुसष्ट दाखवत होता.

चाळीस मिनिटं. तेवढ्यात बेचाळीस जाकिटं साच्यावरून उतरली होती. सातशे तेरा ते सातशे चोपन्न.

लाल चिठ्ठी लावून ती भंगारात टाकायची, एवढंच काम होतं. आप्पांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेतलाही. पण बेचाळीस चिठ्ठ्या म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे घरी, आणि घरी म्हणजे नखीची पाठ. त्यांनी एक जाकीट वाकवून पाहिलं. गार असताना ते बाकीच्यांसारखंच कडक होतं. तपासणीत एवढंच बघत. गठ्ठा परत खणात गेला.

फेब्रुवारीत वाटप झालं. कारखान्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पोरं नवे कपडे घालून आलेली, टेबलावर खोके रचलेले. नाव पुकारलं की खोका घ्यायचा आणि शेजारच्या खोलीत तंत्रज्ञाकडून बसवून घ्यायचा.

नखीचा खोका सातशे एकतीस.

आप्पांनी तो आकडा दोनदा वाचला. मग सुभानकडे पाहिलं. सुभान हमिदाच्या हातातल्या खोक्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसत होता. आठशे दोन.

"सुभान," आप्पा म्हणाले, "तुझ्या पोरीचा रंग कोणता निघाला रे?"

"मोरपंखी. आणि तुमचा?"

"करडा." आप्पांनी आवाज खाली आणला. "नखी सकाळपासून मोरपंखीसाठी जीव टाकतेय. आई-बापाविना पोर, म्हणजे आहेत, पण बाप आखातात..."

"अहो, त्यात काय एवढं," सुभान म्हणाला. "हमिदा, दे बेटा तिला तो."

हमिदा तेरा वर्षांची. तिने खोका छातीशी धरलेला होता. झाकणाच्या फटीतून रंगाची एक कड दिसत होती, ती तिने बोटाने एकदा चाचपली. मग खोका पुढे केला. "घे नखी. तू लहान आहेस."

घरी येताना नखीने विचारलं, "आबा, मी कधी मोरपंखी मागितला?"

"तुला आवडतो ना."

"मला काळा आवडतो."

"काळ्यात ऊन लागतं," आप्पा म्हणाले आणि भराभरा चालायला लागले.

मार्चअखेर नखीचा कणा नऊ अंशांनी सरळ झाला. वैशालीने पेढे वाटले. नखी आरशासमोर उभी राहून खांदे मोजायची, आणि एक दिवस तिने शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत नाव दिलं. "शेवटची आले तरी चालेल," ती म्हणाली, "पण सरळ रेषेत येईन."

हमिदाचा कणा होता तिथेच होता.

एप्रिलच्या तपासणीला दोन्ही घरं कारखान्याच्या तपासणी केंद्रात बरोबरच गेली होती. तंत्रज्ञ होता विशीतला, मॅडमच्या कोष्टकांपलीकडे जग नसलेला. त्याने हमिदाचा एक्स-रे फोटो दिव्यासमोर धरला.

"ही जाकीट घालत नाही."

"घालते की," हमिदाची आई जैनब म्हणाली. "बावीस तास. मी बघते ना."

"रात्री बघता?"

जैनबने पोरीकडे पाहिलं. "काढतेस रात्री?"

"नाही अम्मी."

"मग ते खोटं बोलतात? लाखाची वस्तू खोटी? आणि तू खरी?" थप्पड बसली तेव्हा हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. हमिदा रडली नाही. एक हात गालावर आणि दुसरा जाकिटावर ठेवून उभी राहिली, जाकीट तिच्या बाजूने साक्ष देईल अशी.

सुभान आप्पांच्या कानाशी आला. "आप्पा, तुम्ही सांगा ना हिला. तुमचं ऐकते. खरंच काढते काय ही?"

हीच ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण पलीकडे नखी फोटोतला आपला कणा बोटाने गिरवत बसली होती, आणि एका घरात एकच जाकीट.

"पोरं आहेत," आप्पा म्हणाले. "उकडतं, काढतात." मग, गोष्ट अर्धवट सोडायची सवय नसल्याने, तंत्रज्ञाकडे वळले. "साहेब, कुलूप का नाही लावत? पट्टा असा चिकटवा, की इथे आल्याशिवाय उघडणारच नाही."

तंत्रज्ञाला कल्पना फार आवडली. त्याने ती वर कळवली. वर तर ती इतकी आवडली, की पंधरा दिवसांत सगळ्या जाकिटांना काचतंतूचे पट्टे डागून बसवले. कापायचं यंत्र केंद्रात.

"मी कुठे काढते?" नखी पट्टा ओढत म्हणाली. "मला कशाला?"

"नियम सगळ्यांना सारखा," आप्पा म्हणाले. हमिदाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मे उजाडला. त्या वर्षीचा मे लोकांनी नुसता पाहिला नाही, भोगला. पहिल्या आठवड्यात सत्तेचाळीस, दुसऱ्यात साडेअठ्ठेचाळीस. दुपारी बाराला शहर ओस पडायचं. कुत्री एटीएमच्या दारात ओळीने निजायची आणि आत जाणारा माणूस त्यांना ओलांडून जायचा.

तपासणीची तारीख सोळा मे होती. सुभानची पाळी होती, म्हणून आप्पा दोन्ही पोरींना बॅटरीवरच्या रिक्षाने घेऊन निघाले. रिक्षाला झळा लागू नयेत म्हणून चारी बाजूंनी जाड प्लास्टिकचे पडदे, आत एक पंखा, मध्ये आप्पा, इकडे नखी, तिकडे हमिदा.

उड्डाणपुलावर एक ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. दहा मिनिटांनी रिक्षाची बॅटरी तापून आपोआप बंद पडली आणि पंखाही थांबला. रिक्षावाला पुढे काय झालंय ते बघायला गेला. पडदा उघडला तर बाहेरची झळ भट्टीसारखी अंगावर आली. आप्पांनी तो परत लावला. आत किती झालं असेल? आप्पांच्या नाकाने सांगितलं, पन्नासच्या वर. मग पंचावन्न.

मॅडमचं कोष्टक बेचाळीस अंशांपर्यंत होतं. अंगाची उष्णता, वर ताप धरून. प्रयोगशाळेतला एसी बावीसवर असायचा.

"आबा," नखी म्हणाली, "हे आवळतंय."

"उन्हाने वाटतं तसं. पाणी पी."

"आवळत नाही. ढकलतंय." तिने आप्पांचा हात घेऊन जाकिटावर ठेवला. आत काहीतरी चाललं होतं. रोज थोड्या थोड्या जाग्या व्हायच्या त्या साखळ्या, दोन वर्षांच्या सगळ्या, एकदम जाग्या झाल्या होत्या आणि घराकडे निघाल्या होत्या. गाठी पक्क्या होत्या. आठशे दोन नंबरचं जाकीट एकशे शहाण्णव अंशांवर, आप्पांच्याच हातून, अगदी नाकासमोर झालेलं. त्यात कसलीही कसर नव्हती.

आप्पांनी पट्ट्यात बोटं घातली आणि ओढलं. काचतंतू हलला नाही. त्यांनी पाय सीटला लावून, सगळा जीव लावून ओढलं. उजव्या खांद्यात काहीतरी तटकन तुटलं आणि हात खाली लोंबला.

नखीची मान ताठ झाली. खांदे मागे गेले. ती आयुष्यात पहिल्यांदा सरळ बसली, शाळेतल्या चित्रातल्या मुलीसारखी. मग ऊस मोडल्यासारखा एक आवाज झाला, फार मोठा नाही.

"आबा," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझे पाय कुठे गेले?"

हमिदा तोवर उठली होती. तिच्या अंगावरचं करडं जाकीट लाटलेल्या पापडासारखं लुळं पडलं होतं. गाठी अर्ध्याच, उन्हात साखळ्या एकमेकींवरून घसरत सुटल्या होत्या. पट्टा डागलेला होता तसाच होता, पण तिने ते ओल्या पोत्यासारखं कमरेवरून खाली ढकललं आणि त्यातून पाय काढला. केंद्रात जाकीट बसवताना गार पाणी ओतलं की ते थिजतं, हे तिने पाहिलेलं होतं. ती वाकड्या पाठीने पुलावरून उतारावर धावत गेली, उसाच्या गाडीवरची बर्फाची लादी तिने मागितली नाही, उचलली, आणि त्याच लुळ्या जाकिटाच्या झोळीत घालून आणली. नखीच्या पाठीवर तिने बर्फ घासला. जाकीट कड् कड् करत थांबलं.

आप्पा डाव्या हाताने नखीचा पाय चोळत होते. नखी त्यांच्याकडे बघत होती, दुसऱ्या कोणाचातरी पाय चोळावा तसं.

त्या आठवड्यात जळगाव, धुळे, अकोला मिळून एकोणीस मुलांचं असं झालं. कारखान्याने सगळी जाकिटं कापून परत घेतली. नखीच्या फोटोत कणा कमरेपर्यंत ओळंब्यात होता. खाली तो होता की नव्हता, याला आता अर्थ नव्हता. कमरेखालचं काही तिला कळत नव्हतं. मुंबईचे डॉक्टर येऊन म्हणाले, "वक्रता पूर्ण गेलीय." वैशालीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुढचं वाक्य न बोलता निघून गेले.

जूनमध्ये झोपे मॅडमनी आप्पांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर जाकिटांच्या कापलेल्या पट्ट्या नंबरवार मांडलेल्या होत्या.

"सातशे तेरा ते सातशे चोपन्न," मॅडम म्हणाल्या. "बेचाळीस जाकिटं. त्यांतली पंधरा पन्नासच्या वर तापली. एकाही मुलाला ओरखडा नाही. मी तुकडे यंत्रात तापवून पाहिले, गाठी निम्म्याच आहेत. ऊन वाढलं की जाकीट हट्ट सोडतं, लुळं पडतं. मला तेच हवंय, आणि मला ते जमत नाही. त्या दिवशी मशीन चाळीस मिनिटं मॅन्युअलवर होतं. चालवत तुम्ही होता. काय केलंत?"

आप्पांनी सगळं सांगितलं. वांगी, पत्री, मीटर, लाल चिठ्ठ्या. मग न विचारताच पुढचंही सांगितलं: सातशे एकतीस, आठशे दोन, मोरपंखी रंग, थप्पड, कुलूप. सांगताना त्यांना वाटत होतं, ही बाई आता उठेल, पोलिसांना बोलावेल, निदान बाहेर हो म्हणेल. त्यांना ते हवं होतं. गेला महिनाभर त्यांना दुसरं काहीच नको होतं.

मॅडमनी पेन उघडलं.

"वांगी किती होती म्हणालात?"

"अकरा."

"वजन?"

"साडेपाच किलो. मॅडम, मी सुभानच्या पोरीची..."

"तो माझा विषय नाही," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "वांगी घरातल्या तापमानाची, की थंड?"

जुलैत पहिला नवा लॉट निघाला. चौथा पट्टा एकशे अडुसष्टवर, मोजून चाळीस मिनिटं. नव्या जाकिटाला रोज बाहेरून थोडी ऊब द्यावी लागायची, हमिदाच्या आधीच्या जाकिटाला कधी मिळाली नव्हती ती, एवढाच फरक. कणा हळूहळू का होईना, सरळ व्हायचा. आप्पांचा पगार वाढवून त्यांना सल्लागार केलं. पहिलं जाकीट हमिदाला मिळालं. कारण कारखान्याच्या कागदोपत्री तिचं आधीचं जाकीट सदोष होतं. नखीला दुसरं मिळायचा प्रश्नच नव्हता. तिची पाठ सरळ होती.

आप्पांचा खांदा जोडला, पण वजन उचलायचं नाही असं बजावलेलं. वैशाली पहाटेच्या पाळीला जायची. तेव्हा रोज सकाळी सातला सुभान यायचा. नखीला उचलून न्हाणीत न्यायचा, दाराबाहेर तोंड फिरवून उभा राहायचा, परत उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचा. तिची खोडी काढायचा. मग आप्पांच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायचा आणि कामावर जायचा. आप्पांनी नको म्हटलं तेव्हा म्हणाला, "तुमच्या पोरीने माझ्या पोरीचं मरण अंगावर घेतलं, आप्पा. रंगाचं निमित्त झालं. हे मी सात जन्म उचललं तरी फिटायचं नाही."

आप्पांनी हे तीन आठवडे ऐकलं. चौथ्या सोमवारी, नखी न्हाणीत असताना, दारापाशी उभं राहूनच, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. हळू आवाजात, काही न वगळता. सुभान ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "थप्पड मारली तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

आतून नखीने हाक मारली. सुभान आत गेला, तिला उचलून आणलं, खुर्चीत बसवलं, तिच्या पायांवर चादर घातली. चहा समोर होता. तो त्याला ओलांडून गेला.

मंगळवारी तो सातलाच आला. बुधवारीही. नखीशी बोलायचा, हसायचा. आप्पा तिथे नाहीतच असं वागायचा. चहावर साय धरायची.

आठवडाभराने नखी म्हणाली, "आबा, सुभानकाका तुमच्याशी बोलत का नाहीत?"

"कामाचं काहीतरी."

"तुम्हीच काहीतरी केलं असेल. ते भांडणारे नाहीत." तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "जाऊन माफी मागा. आजच मागा. ते यायचे बंद झाले तर मला कोण उचलणार? तुम्ही?"

आप्पा गेले. तांबापुऱ्यात सुभानचं घर. दारात हमिदा वेणी घालत होती. कपड्यांवरून नव्या जाकिटाची कड दिसत होती. ती "आबा" म्हणत उठली आणि पाणी आणायला आत गेली. तिला काही सांगितलेलं नव्हतं. सुभान बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं.

"नखीने पाठवलं," आप्पा म्हणाले. "ती म्हणते, माफी मागा."

"तिला सांगा, मागितली." सुभान त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, रस्त्याकडे बघत होता. "मी येत जाईन. जिवात जीव आहे तोवर येईन, पोरीचा काय गुन्हा? फक्त एक करा. सात ते साडेसात तुम्ही घरात नका थांबू."

तेव्हापासून आप्पा पावणेसातला चहा उकळून, झाकून ठेवतात आणि बाहेर पडतात. कॉलनीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, त्याच्यापाशी उभे राहतात. पाऊस सरला, थंडी गेली, आता पुन्हा ऊन चढायला लागलंय. सकाळी सातलाही खांब हाताला चटका देतो. येणारेजाणारे विचारतात, "काय आप्पा, इथे कुठे उभे?"

"हवा खातोय," आप्पा म्हणतात.

साडेसातला सुभानची सायकल समोरून जाते. मग ते घरी जाऊन तसाच राहिलेला चहा मोरीत ओततात, आणि नखी खिडकीतून, ताठ मानेने, त्यांना विचारते, "झालं का फिरून?"